साउथ डकोटात फेझंटच्या शिकारीला जाताना

गटानं पक्ष्यांच्या शिकारीला जाताना कुणाचा नेम किती चांगला, हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते, चालताना त्याचं शेजाऱ्याकडे लक्ष आहे का.

फेझंट हा कोंबड्यासारखा, लांब शेपटीचा रानपक्षी, अमेरिकेतल्या साउथ डकोटाचा राज्यपक्षी. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की भडक नारिंगी जाकिटं घालून आठ-दहा जण मक्याच्या शेतात एका ओळीत चालतात. काही जण पक्षी अडवायला पलीकडच्या टोकाला थांबतात. ओळ वाकडी झाली की म्होरक्या ओरडून सगळ्यांना थांबवतो. त्याचा राग मानू नये.

पक्षी पायाजवळून फडफडत उठला की छातीत धस्स होतं आणि बंदुकीची नळी आपसूक त्याच्यामागे वळते. खरा धोका इथेच. २००६ साली टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीत तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी असेच पक्ष्यामागे वळले आणि छर्रे लागले सोबतच्या ७८ वर्षांच्या हॅरी व्हिटिंग्टन यांच्या चेहऱ्याला, मानेला, छातीला. म्हणून प्रत्येकानं आपल्या समोरचा पट्टा सांभाळायचा. पक्षी शेजाऱ्याच्या बाजूला गेला की तो त्याचा. आणि पक्ष्यामागे मोकळं आकाश दिसलं तरच बार काढायचा. खालून उडणारा सोडूनच द्यायचा, कारण त्याच उंचीवर कुत्रा असतो, माणसं असतात.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद, नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायचे ते दुर्बिणीतून. त्यामुळे नाशिकचा माझा भाचा इकडे शिकायला आला, तेव्हा बंदूक त्यानं कधी हातातही घेतली नव्हती. "मावशी, एवढं काय त्यात?" म्हणाला. मी त्याच्यासमोर दोन काडतुसं ठेवली. गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद. २० गेजचं पिवळं काडतूस चुकून १२ गेजच्या नळीत गेलं तर पुढे सरकून अडकतं. वरून १२चं भरून चाप ओढला तर नळी फुटू शकते, आणि पुढचा हात तिथेच असतो. खिशात एकाच गेजची काडतुसं हवीत, ती यासाठी. काटेरी तारेचं कुंपण आलं की आधी बंदूक रिकामी करायची, मग ओलांडायचं.

सगळ्यात जपायची ती शेताच्या टोकाची शेवटची पन्नास पावलं. कोंडलेले पक्षी एकदम उडतात आणि समोर आपलीच माणसं उभी असतात. छर्रे दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. तिथे समोर बार नाहीच. पक्षी डोक्यावरून मागे गेला, तर नळी आकाशाकडे धरून मागे वळायचं आणि मगच मारायचं.