ठकीची पिल्लं: दुसरा आठवडा संपला

आमच्या ठकी मांजरीच्या चारही पिल्लांचे डोळे उघडले. पट्टेरी दोघांचे आधी, काळ्याचे सगळ्यांत शेवटी. रंग सध्या सगळ्यांचाच धुरकट निळा, खरा पुढे कळेल.

रोज सकाळी ठकी खायला गेली की एकेकाला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटीत ठेवून वजन घेते. जन्माला पट्टेरी १०४ आणि १०१ ग्रॅम, काळं-पांढरं ९८, काळं ८२. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढतं. तिघांचं तसंच चाललं होतं. काळ्याचं वजन मात्र सुरुवातीला वाढेना, उलट २ ग्रॅम घटलं.

त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या पावसात हे कुणाच्याही घरी होईल. तिघं पीत असताना ते एकटंच कोपऱ्यात पडलेलं, आवाज नाही, अंग हाताला गार. आई म्हणाली, आधी दूध पाज गो. पण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आणि चोखायची ताकद नसताना ओतलेलं फुप्फुसात जातं. या वयात त्यांना कुडकुडताही येत नाही, ऊब बाहेरूनच मिळावी लागते. म्हणून दुपट्यात गुंडाळून छातीशी धरून बसले. चुलीपाशी मुद्दाम नेलं नाही, एकदम तापवणंही घातक. तोंड आतून कोमट लागलं, वळवळ सुरू झाली, तेव्हा धट्टेकट्टे पट्टेरी बाजूला करून ठकीच्या मागच्या आचळाला लावलं. पुढे दर वेळी असंच. वजन वाढलेलं पहिल्यांदा दिसलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून काटा दाखवला! आज काळं १७१ ग्रॅम. बाकीची अडीचशेच्या आसपास आहेत, पण हेही रोज चढतंय.

जागा म्हणून आंब्याची रिकामी पेटी घेतली. पेंढा काढून टाकला, त्यात धूळ आणि किडे. तीन बाजूंच्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या, तळाला रद्दी, वर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. टॉवेल नको, नखं अडकतात. पेटी बाकावर, आणि फडताळाला करतो तसे बाकाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण पावसात मुंग्या घरात शिरतात. लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे बल्बऐवजी गरम पाण्याची रबरी पिशवी, गोधडीत गुंडाळून, पेटीच्या एकाच कडेला. उकडलं तर पिल्लांना बाजूला सरकता यायला हवं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. ठकीने दुसरं घर माळ्यावर केलं. मागीलदारी एक बोका फिरायला लागला होता, तिला ते पसंत नसणार. पिल्लं परत खाली आणली नाहीत. तिची निवड मोडली की ती आणखी अडचणीची जागा शोधते. कौलं गळत नाहीत ना पाहिलं आणि लुगडं नि पिशवी वर नेली.

तिचं खाणं आता दुपटीहून जास्त. १ जूनपासून मासेमारी बंद, ताजी मासळी नाही, आणि सुकटीत मीठ फार. त्यामुळे उकडलेली कोंबडी, अंडं आणि मांजराच्या पिल्लांसाठी मिळतं ते कोरडं खाद्य. त्यात ऊर्जा आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतं. गाईचं दूध देत नाही, जुलाब होतात. आचळं गरम किंवा कडक लागत नाहीत ना, रोज बघते. पाजणारी मांजर थरथरायला लागली किंवा तिचे पाय ताठरले तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं, सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

आता जंताचं औषध, वजनानुसार, डॉक्टरांकडूनच. ठकीचं ऑपरेशन पिल्लं दूध सोडल्यावर. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते, म्हणून तोवर ती घरातच.

चौथ्या आठवड्यापासून शी-शूसाठी ट्रे लागेल. ओली झाली की गोळा होणारी मांजरांसाठीची विकतची माती नको, पिल्लं ती खातात. किनाऱ्यावरची वाळू सध्या ओली. भाताचं तूस कुणी वापरून पाहिलंय का? वास कितपत धरतं, आणि पावसात बुरशी येते का?