पालाण, नोंद ७: दुमची गेली, सीट बेल्ट आला

मागच्या नोंदीत गाढवाच्या पालाणाची, म्हणजे ओझं लादायच्या लाकडी खोगिराची, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) काढून मांड्यांमागून फिरणारा मागपट्टा लावण्यापर्यंत आलो होतो. चढावर पालाण जागचं हलत नव्हतं, म्हणून काम फत्ते वाटलं. चिखलदऱ्याच्या खालच्या उतारावर मात्र दोनशे मीटरमध्ये पालाण ६ सें.मी. पुढे सरकून फऱ्यावर, म्हणजे खांद्याच्या हाडावर, चढलं. अंदाज नाही, गादीच्या पुढच्या काठाशी केसांवर चुन्याची रेघ ओढून मोजलेलं आहे.

नव्यांसाठी एवढंच: घोड्याच्या मानेच्या बुडाशी उंचवटा असतो, त्याला पालाण अडते. गाढवाची पाठ तिथे जवळपास सपाट आणि पोट पिंपासारखं गोल. तंग (पोटाखालचा पट्टा) कितीही आवळा, उतारावर पालाण पुढेच येणार. आवळलेल्या तंगाने पुढच्या पायामागची कातडी सोलते, तेवढंच. दुमची ते अडवते खरं, पण सगळा भार शेपटीखालच्या नाजूक कातडीवर येतो.

मागपट्ट्याची उंची आधी तपासली. जास्त वर असेल तर तो शेपटीखाली सरकतो, खाली असेल तर मांड्यांना अडतो आणि जनावर आखूड पावलं टाकते. मीटरभर उंचीच्या गावठी गाढवाला शेपटीच्या बुडापासून साधारण १५ सें.मी. खाली बरोबर बसतो. तो तिथेच राहावा म्हणून पुठ्ठ्यावरून, म्हणजे कमरेमागच्या भागावरून, दोन आडव्या पट्ट्या लागतातच. मग मागपट्टा पुढे जोडणाऱ्या बाजूच्या ओढपट्ट्या पाहिल्या. त्या तंगाच्या कडीत अडकवल्या होत्या, ही चूक. ओढ आली की तंग मागे पोटावर जातो. त्या पालाणाच्या लाकडालाच, मागच्या फुलीच्या (एकमेकांवर तिरक्या बसवलेल्या दोन लाकडांच्या) खाली हव्यात, म्हणजे ओढ जवळजवळ आडवी राहते. हे सुधारून सरकणं ६ वरून ४ सें.मी.वर आलं. तरी ४ म्हणजे जखम ठरलेलीच.

अंगणात कोरड्यात सगळं चोख, नाला ओलांडला की ढिलं. तिथे डोक्यात उजेड पडला: पट्टे नायलॉनच्या नवारीचे होते. मीटरभर तुकडा खिळ्याला बांधून खाली १० किलोची गोणी लटकवली. कोरडा आणि ओला यात दोन बोटांचा फरक! बाजारात ‘पाण्याला पक्की’ म्हणून विकतात ती नवार कुजत नाही, एवढंच खरं.

उपाय भंगारात सापडला. मोटारीच्या सीट बेल्टची पट्टी पॉलिएस्टरची असते, रुंदी पावणेदोन-दोन इंच, ताणली फार कमी जाते. एका मागपट्ट्याला अडीच मीटर पुरते. ऊन खाऊन पांढुरकी पडलेली पट्टी घेऊ नका. टोक मेणबत्तीवर वितळवलं की कडक गाठ येते, ती जनावराच्या बाजूला ठेवू नका, ब्लेडसारखी कापते. शिवण चौकटीत फुलीची, मेणाच्या दोऱ्याने, मोच्याकडूनच. घरच्या मशीनची शिवण दुसऱ्या उतारावर उसवते. पट्टीची धारही केस खाते, म्हणून मागच्या भागावर घोंगडीची खोळ चढवली. सपाटीवर उभं असताना पट्ट्यात चार बोटं आडवी जावीत.

त्याच उतारावर, नाला ओलांडून, दीड सें.मी.! तेवढी तर गादीच दबते.

ओझं मुद्दाम कमी ठेवलं आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांत गाढवाला ५० किलोची मर्यादा आहे, पण शंभरेक किलोच्या गावठी जनावराला डोंगरात ते निम्म्यावरच आणावं. पालाण-गादी साडेसहा किलो, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, वर काही नाही. दोन्हीकडचा फरक पाव किलोच्या आत, काटा लावूनच. त्याच नियमांत ३७ अंशांच्या वर पारा गेला तर दुपारी १२ ते ३ काम बंद आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात ११ लाच सावली गाठलेली बरी.

गादीत सोयाबीनचं कुटार (भुसा) भरू नका, काड्या कापडातून टोचतात. भंडाऱ्याकडची धानाची तणस मऊ बसते. पावसाळा सरला की घोंगडीत कुसळ शिरते. ती पाठीवर टाकण्याआधी उलटी करून तळहात फिरवायचाच. कुसळ राहिलं तर लाथ मिळते आणि दोष मागपट्ट्याला जातो.

पुढचा बेत सागाऐवजी शिवण झाडाच्या फळ्यांचा होता, वजन उतरावं म्हणून. पण लिहिता लिहिता वाटते, आधी ओढपट्टीच्या बकलाजागी लाकडी खुंटी आणि तीन भोकं करावीत: चढाला ढिलं, उताराला एक भोक आत. बकल ओल्या हाताने सुटत नाही, खुंटी सुटेल. फळ्या थांबतील. कुणी दोन इंची पितळी कड्या कुठे मिळतात ते सांगा, लोखंडी कडीचा गंज पट्टीवर उतरायला लागलाच आहे.