मासा काल होता

गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जाणाऱ्या कुणालाही विचारा, मासा कायम काल असतो. "काल यायचं होतंस रे, दोन तांबोशी निघाल्या भाट्याला" हे मी इथे रत्नागिरीत गेली पंधरा वर्षं ऐकतोय, आणि काल गेलो असतो तर परवा होता म्हणाले असते, ते असो.

ह्या रविवारी ठरवलं, कुणाला विचारायचंच नाही. कॅलेंडरवर तिथी बघितली, वद्य चतुर्थी. आमच्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती फुल्ल. फोनमधल्या ॲपने थोडं आधीचं दाखवलं, तेवढं चालतं, हे गणित मुंबईकडे जास्त बरोबर बसतं, खाली रत्नागिरीत पाणी जरा लवकर भरतं. तिथी बघितली ती फक्त पाण्यासाठी हं, बाकी काही डोक्यात आलंच नाही. ते पुढे महागात पडलं.

आता पाण्याचं म्हणाल तर सप्टेंबर म्हणजे धड पावसाळा नाही नि धड सीझनही नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीची बंदी कधीच उठली, मिरकरवाडा बंदरातून बोटी सुटतायत, पण काठावरून गळ टाकणाऱ्याचा सीझन काय सरकारी तारखेला सुरू होत नाही, तो काजळी नदी लाल पाणी सोडायची थांबली की सुरू होतो. आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस जोरात झाला असणार, कारण पाणी नुसतं जांभ्याच्या मातीचं, दूध कमी पडलेल्या चहासारखं. असल्या पाण्यात चकचकीत ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, मासा बघणार कसा, तेव्हा ते घरी ठेवले आणि बाजारातून पन्नास रुपयांची कोळंबी घेतली. मासा वासावर येतो.

एकला खाडीच्या तोंडाशी पोचलो. भरती आत शिरत होती आणि पाण्यावर चक्क एक रेघ, अलीकडे लाल, पलीकडे हिरवट, आणि त्या रेघेवर फेस, काटक्या, एक नारळ आणि कुणाची तरी निळी चप्पल वाहत चाललेली. टाकायचं ते त्या रेघेवरच, कारण बारका मासा तिथेच घुटमळतो आणि मोठा त्याच्या मागे.

पहिला तास केंडांनी खाल्ला. केंड म्हणजे वाईट प्रकार, दात पोपटाच्या चोचीसारखे, कोळंबी कातरून नेतो आणि चुकून लागलाच तर हातात फुगून फुटबॉल होतो आणि वर रागाने बघतो. विषारी, खायचा नाही. मग एक शेंगटी, तिचा काटा टोचला की हात खांद्यापर्यंत ठणकतो म्हणून पकडीनेच सोडवली.

शेजारी कोल्हापूरची दोन पोरं होती, माझ्या स्कूटरपेक्षा महाग रील घेऊन. एकाने कोकर काढला, छान दीड-दोन किलोचा, फोटो काढला आणि दिला सोडून! माझ्या पलीकडे बसलेल्या आजोबांनी नुसतं कपाळाला हात लावला. मला पटतं तसं सोडणं, मी पण बारीक पिल्लं सोडतोच, पण कोकर पाण्यात जाताना जीव जरा वर-खाली झाला खरा.

पावणेतीनला पाणी थबकलं. आणि दोरी ओढली नाही कुणी, नुसती सैल पडली. हे ओळखायला शिकायला मला चार वर्षं लागली, मासा आमिष घेऊन आपल्याकडेच येत असतो. भराभर गुंडाळली, टाचेवर जोर दिला आणि वर आली ती तांबोशी, तांबूस, पाठ रुंद, सव्वा किलो तरी असेल, खडकावर शेपटी आपटत होती तेव्हा आजोबा म्हणाले, "दगडाकडे जाऊ दिली नाहीस ते बरं केलंस." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला ऑफिसात मिळालेलं नाही.

घरी आलो तर आईने दारातच अडवलं. "संकष्टी आहे आज. उंबरठ्याच्या आत आणू नकोस." उद्या खाऊ म्हटलं तर सोमवार, तिचा. परवा मंगळवार, गणपतीचा. बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये? ते फ्रीजसुद्धा म्हणे आज चालणार नाही, आत मोदकांचं सारण आहे. शेवटी शेजारच्या काकूंकडे दिली, त्यांच्याकडे असलं काही नसतं.

रात्री नऊ वाजले तरी ढगांमुळे चंद्र दिसेना. आम्ही सगळे गच्चीत ताटकळत उभे आणि खालून काकूंच्या तव्यावरचा रव्यात तळलेल्या तुकड्यांचा वास येतोय. आई म्हणाली, "बघ रे, तिकडे माडाच्या मागे काही उजेड दिसतोय का."