तीन बार्ब आणि तिसरं औषध

दुपारी दीडच्या सुमारास फोन आला. "टाकीतल्या एंजल माशांचे पर सडतायत. दोन औषधं झाली, तिसऱ्याचा आज चौथा दिवस. फरक शून्य. तुम्ही एकदा येऊन बघाल का?" पुण्यातला दातांचा दवाखाना, पेशंट बसतात त्या खोलीत माशांची दोन फुटी टाकी. फोनवर मी एवढंच सांगितलं, की मी येईपर्यंत औषधाचा आणखी एकही थेंब टाकू नका आणि खायलाही घालू नका.

टाकीचं माप २४ × १२ × १२ इंच. हिशेबाने त्यात ५६ लिटर पाणी बसतं. खडे, सजावट आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ४५ लिटर उरतं. मासे निवडताना हाच दुसरा आकडा धरायचा असतो. आत होते दोन एंजल, तीन टायगर बार्ब, तीन निऑन टेट्रा, दोन नर गप्पी, एक गोल्डफिश आणि पाच इंचांचा एक सकर. बारा मासे, सहा जाती. निऑन मुळात दहा आणले होते. बाकीचे सात कुठे गेले, हे कोणालाच माहीत नव्हतं. मेलेला एकही सापडला नव्हता.

मी टाकीत हात घातला नाही. पेशंटच्या खुर्चीवर जाऊन बसलो. माणूस समोर आला की मासे खाण्याच्या आशेने काचेशी गोळा होतात, आणि तेव्हा सगळे गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. दहा मिनिटं न हलता बसलं की ते आपापल्या कामाला लागतात. खरी टाकी तेव्हा दिसते.

एंजलच्या पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात. दोघांचेही अर्ध्या सेंटिमीटरचे खुंट उरले होते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून शेपटी पाहिली. कडेला अर्धचंद्रासारखे तुकडे गेलेले, पण कापल्यासारखे स्वच्छ. पर सडतो तेव्हा कड पांढुरकी किंवा लालसर होते, आधी झिरझिरीत होते, मग विरघळल्यासारखी मागे सरकते. इथे तसं काहीच नव्हतं. शिवाय गप्पींच्या शेपट्या अर्ध्याने गेलेल्या, गोल्डफिशची शेपूट कुरतडलेली, आणि आखूड पराच्या बार्बना व निऑनना मात्र ओरखडासुद्धा नाही. आजार पाण्यातून पसरला असता तर त्याने लांब परवालेच निवडून काढले नसते.

वीस मिनिटांत मी अकरा चावे मोजले. बार्ब समोरून येत नाही. मागून, किंचित खालून येतो, पराच्या लोंबत्या टोकाला एक झटका देतो आणि अर्ध्या सेकंदात दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो. डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. तिसऱ्या चाव्याला ते म्हणाले, "हे मी खेळ समजत होतो."

टायगर बार्ब हा कळपाचा मासा आहे. आठ-दहा जण असले की त्यांची आपसात उतरंड लागते, दिवसभर एकमेकांचा पाठलाग चालतो, आणि त्यांचे स्वतःचे पर आखूड व अंग चपळ असल्याने कोणाचं फार बिघडत नाही. तीनच आणले की ती सगळी ऊर्जा टाकीतल्या सगळ्यांत संथ माशावर निघते. दुकानात "तीन जातींचे तीन-तीन द्या" असं सांगून मासे घेतले जातात, आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. अर्थात एंजलच्या बाबतीत बार्ब तीन असोत की दहा, जोडी चुकीचीच. लांब लोंबत्या परांचा, सावकाश पोहणारा मासा आणि टायगर बार्ब एका काचेत ठेवू नयेत. फायटर आणि गुरामी यांनाही हेच लागू.

निऑनचा उलगडा सोपा होता. एंजल आणले तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते, आता त्यांचं अंग अडीच इंचांचं झालं होतं. निऑन सडपातळ मासा, एंजलच्या तोंडात आडवा मावला नाही तरी उभा सहज जातो. दिवे बंद झाले की निऑन सुस्तावतो, आणि पहाटे पहिला उजेड येताना एंजल टिपतो. म्हणून मेलेला मासा कधी सापडला नाही. दोन्ही मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणून एकत्र चालतील असं बरेच जण सांगतात. एकाच नदीतले असणं म्हणजे शेजारी असणं नव्हे.

एका एंजलच्या कुशीवर शेंगदाण्याएवढा फिकट, खरवडल्यासारखा डाग होता. तो सकरचा. सकर लहानपणी शेवाळ खातो, मोठा होऊ लागला आणि पोट भरेना की रात्री रुंद अंगाच्या संथ माशाला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. एंजल आणि गोल्डफिश हे त्याचे ठरलेले बळी. हा मासा दीड-दोन इंचांचा असताना "टाकी साफ ठेवतो" म्हणून विकतात. पूर्ण वाढला की तो एक फुटाच्या पुढे जातो.

आता राहिलं पाणी. अमोनिया १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग), नायट्राइट ०.५, पीएच ८, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार ५२०, तापमान २७ अंश. सहा महिने चाललेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू दोन बाजूंनी मारले गेले होते. जंतुनाशक औषधाने, आणि दवाखान्यातल्या मावशी दर रविवारी स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धूत होत्या त्याने. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारायलाच असतं. मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी काम मनापासून केलं होतं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तीन-चारदा पिळायचा, तपकिरी राहिला तरी चालतो, हे मी त्यांना करून दाखवलं.

अमोनियाचा एकच आकडा वेगवेगळ्या पाण्यात वेगळा घातक ठरतो. पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. याच तापमानाला पीएच ८ झाला की तो सुमारे ६ टक्के होतो. दहापट. म्हणजे आपल्याकडच्या बोअरच्या जड, चढ्या पीएचच्या पाण्यात जास्त मासे कोंबणं हे धरणाच्या मऊ पाण्यात कोंबण्यापेक्षा जास्त धोक्याचं. दवाखान्यात निम्मं पाणी बोअरचं होतं.

तेव्हा एकावर एक तीन गोष्टी साचल्या होत्या. चावे, त्यावर औषध, औषधाने बिघडलेलं पाणी. आणखी दोन आठवड्यांत त्या जखमा खरोखरच सडल्या असत्या, आणि मग मूळ कारण कोणालाच सापडलं नसतं.

त्या दिवशी १५ लिटर पाणी बदललं. आदल्या दिवशी भरून ठेवलेला ड्रम होता. त्यात अँटिक्लोरीन टाकून, तापमान हाताने नव्हे तर थर्मामीटरने जुळवून, पाइपने सावकाश सोडलं. फिल्टरमध्ये उरलेलं औषध शोषायला कार्बनची पुडी ठेवली. मग बार्ब पकडले. बार्बच्या मागे जाळी पळवली तर तो दमत नाही, आपण दमतो आणि बाकीचे मासे घाबरून अंग घासून घेतात. आधी सगळी सजावट बाहेर काढायची, दिवा बंद करायचा, एक मोठी जाळी कोपऱ्यात स्थिर धरायची आणि छोट्या जाळीने त्या बाजूला सावकाश हाकायचं. तिन्ही बार्ब पकडायला मिळून सहा मिनिटं लागली. सकरला जाळीत धरायचं नाही, त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात. प्लॅस्टिकच्या डब्यात घ्यायचं.

डॉक्टरांना पुढचं सांगणं अवघड होतं. यातला जवळजवळ एकही मासा या टाकीत राहण्यासारखा नव्हता. एंजलचं अंग १५ सेंटिमीटरपर्यंत जातं आणि वरून खाली परांसकट उंची २० च्या पुढे. पाण्याची उंची जेमतेम २५ सेंटिमीटर असलेल्या टाकीत तो वळू शकतो, वाढू शकत नाही. गोल्डफिशला थंड पाणी आणि भरपूर जागा लागते, घाण तो इतरांच्या कितीतरी पट करतो. निऑनला मऊ, किंचित आम्ल पाणी हवं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारलं, "एंजल तरी चांगल्या घरी जातील ना?" ते दीड फूट उंचीच्या तीन फुटी टाकीत गेले. निऑन मऊ पाण्याच्या, वनस्पती लावलेल्या टाकीत. बार्ब आधीच असलेल्या नऊ बार्बच्या कळपात. गप्पी दवाखान्याच्या गच्चीवरच्या कमळाच्या टबात, जिथे डासांच्या अळ्या खाण्याचं काम त्यांना आयतंच होतं. सकर आणि गोल्डफिश दुकानाने मोठ्या टाकीसाठी परत घेतले. नदीत, तळ्यात किंवा विसर्जनाच्या हौदात पाळलेला मासा सोडायचा नाही, सकर तर मुळीच नाही. पूर्व कोलकात्याच्या भेरींमध्ये, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांमध्ये, असाच सुटलेला सकर मच्छीमारांची जाळी फाडतो आणि तिथल्या माशांची जागा खातो.

नवे मासे निवडताना मी पाण्यापासून सुरुवात केली. पाणी बदलून मासा ठेवण्यापेक्षा नळाला जे येतं त्यात सुखाने जगणारा मासा घ्यावा, हे माझं ठाम मत. आरओचं पाणी मिसळण्याचा उत्साह महिनाभर टिकतो, मग पीएच खालीवर होत राहतो आणि मासे त्यानेच मरतात. जड, पीएच ८ च्या पाण्यात प्लॅटी उत्तम. झेब्रा डॅनिओही बिनतक्रार राहतो. तो तर आपल्याच उपखंडातला, हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर लिहिताना त्याची नोंद केली. दोघेही पाच सेंटिमीटरच्या आसपास थांबतात. झेब्रा वरच्या थरात, प्लॅटी मधल्या. पुण्याच्या थंडीत बंद खोलीतलं पाणी २० अंशांवर आलं तरी हीटर नसला तर चालतो.

डॉक्टरांच्या आईंची एक इच्छा होती. मासे आठ सोनेरी आणि एक काळा असावा. गोल्डफिशच्या नावाने हा आकडा घरोघरी सांगितला जातो आणि दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश म्हणजे तीन महिन्यांत नऊ मृत्यू. त्यांची इच्छा मोडायची गरज नव्हती. झेब्राचा सोनेरी प्रकार मिळतो. असे आठ, आणि प्लॅटीचे पाच नर, त्यांतला एक काळा. फक्त नर, कारण एक मादी आली तरी महिन्याला वीस-तीस पिल्लं आणि ४५ लिटरचा हिशेब कोसळला. नर ओळखायला पोटाच्या मागचा खालचा पर पाहायचा. मादीचा पंख्यासारखा त्रिकोणी, नराचा मिटून काडीसारखा टोकदार झालेला. दुकानात गर्दीत नुसतं "नर द्या" म्हणू नये. प्रत्येक मासा पिशवीत उजेडासमोर धरून बघावा.

"तळाला काही नको?" डॉक्टरांनी विचारलं. कोरीडोरस सुचतो, पण तो सहाच्या कळपात आणि बारीक, गोल वाळूवर ठेवावा. धारदार रंगीत खड्यांवर त्याच्या मिशा झिजतात, तिथे संसर्ग होतो. खडे बदलायची तयारी नव्हती, म्हणून तळ रिकामा ठेवला. रिकामा तळ ही उणीव नाही.

दुसऱ्या चालू टाकीतला पिकलेला, म्हणजे जिवाणू वसलेला स्पंज आणून या फिल्टरच्या शेजारी लावला, आणि जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो. दहाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट चढलेलं. बाविसाव्या दिवशी दोन्ही शून्य. मग आठही झेब्रा एकाच वेळी सोडले, कारण कळपाचे मासे दोन-दोन करून आणले तर आधीचे हद्द धरतात. त्यांना आधी वीस लिटरच्या टबात बारा दिवस वेगळं ठेवलं होतं. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, नंतर दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी आत, असं अर्धा तास. शेवटी मासा जाळीने घेतला आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. प्लॅटी पंधरा दिवसांनी. वर पूर्ण झाकण, कारण झेब्रा उडी मारतो.

खरेदीला डॉक्टर स्वतः आले होते. "एक इंच माशाला चार लिटर," असं दुकानातल्या मुलाने त्यांना सांगितलं. या हिशेबाने एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक सकर सारखेच होतात. लांबी दुप्पट झाली की वजन जवळजवळ आठपट होतं, आणि घाण वजनावर ठरते. त्याच दुकानात गुलाबी-हिरवे रंगवलेले विडो टेट्रा आणि दोन इंची सिल्व्हर शार्क होते. शार्क पूर्ण वाढला की फूटभर होतो. डॉक्टरांनी तोही आकडा विचारून घेतला, आणि हात मागे घेतला.

तीन आठवड्यांनी मी एंजल बघायला त्या तीन फुटी टाकीपाशी गेलो. औषध एकही दिलेलं नव्हतं, फक्त आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं जात होतं. पोटाखालच्या खुंटांना दोन सेंटिमीटर नवे दोरे फुटले होते. बुंध्याशी जुना पांढरा रंग, आणि टोकाकडे इतके पारदर्शक, की मासा वळला तरच दिसत होते.