रक्त ‘जाड’ नाही हो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. “तुमचं रक्त जाड आहे म्हणे?” असं शेजारणींपासून चुलत सासऱ्यांपर्यंत सगळे विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता लसूण नि कोमट पाणी सुचवतात. रक्त जाड नाही हो, तुमच्यासारखंच पातळ आहे. एकदा गोठायला लागलं की वेळेवर आवरणारं कोणी नाही, एवढंच.

माहेरी आमचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस आटत आला की गुळव्या पाक बघायचा आणि एका क्षणी ओरडायचा, “उतरवा!” पण काहील काही तो एकटा उचलत नसे, गडी लागायचे. रक्तातला गुळव्या म्हणजे प्रोटीन सी. गुठळी पुरेशी झाली की गोठण्याला जोर देणारे पाच आणि आठ नंबरचे घटक ते निकामी करतं. त्याचा गडी प्रोटीन एस. (सिएटल शहरात सापडलं म्हणून एस. नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं शिणवलेलं दिसत नाही.) माझ्याकडे हा गडी जन्मापासूनच कमी. त्यातही निम्म्याहून जास्त एस दुसऱ्या एका प्रथिनाला बांधलेलं असतं, कामाला येतं ते मोकळंच.

चौतीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता. मग एका वर्षी गौरींच्या दिवसांतच पाळीची तारीख येत होती. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. त्या हार्मोनच्या, गुठळीचा धोका वाढवणाऱ्या. विसर्जनानंतर डावी पोटरी भरून आली, सलवारीची मोहरी घोट्याला रुतायला लागली. सासूबाईंनी मायेनं तेल लावून चोळून दिली. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करताना डॉक्टरांनी मांडीवर यंत्र दाबलं. पडद्यावर दोन काळी वर्तुळं होती. “निरोगी शीर दाबली की मिटते,” त्या म्हणाल्या. उजव्या पायातली डोळा मिटावा तशी मिटली. डावीकडची तशीच टक लावून बघत राहिली.

रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिनच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी पहिले काही दिवस त्याच कामाची पोटात इंजेक्शनं चालूच होती. कारण वॉर्फरिन गोठवणाऱ्या घटकांबरोबर सी आणि एसलाही खाली आणतं, आणि सी तर त्यातल्या बहुतेकांच्या आधी घसरतं. म्हणजे सुरुवातीला औषधच उलटायची भीती. याच कारणानं वॉर्फरिन चालू असताना केलेली एसची तपासणी फसवी निघते. माझी नंतर गोळ्या थांबवून, काही आठवडे जाऊ देऊन केली. मोकळं प्रोटीन एस 28 टक्के आलं.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मला वडिलांचा पाय दिसला. घोट्याजवळ काळी पडलेली, चामड्यासारखी कातडी. 1981 साली त्यांचा पाय असाच सुजला होता, सगळे म्हणाले उसात काहीतरी चावलं. एसची कमतरता म्हणजे काय हे वैद्यकाच्या कागदांवरच 1984 मध्ये आलं, तेव्हा गावच्या डॉक्टरांना तरी काय बोलणार?

मेथी-पालक बंद का, हाही प्रश्न असतोच. बंद नाही. दर आठवड्याला साधारण सारखीच खाते, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) दोन ते तीनमध्ये राहतो. एकदम जुडी संपवली की गोळीचा असर कमी होऊन तो घसरतो.

लेकीकडे हे यायची शक्यता निम्मी. ती पंधराची आहे, पुढच्या सुट्टीत तपासणार आहोत. तोवर तिला एवढंच बजावलंय की मैत्रिणीनं दिली तरी पाळीची कुठलीही गोळी घ्यायची नाही.

यंदा गौरी जेवणाच्या दिवशीच माझी तारीख आली. सासूबाईच म्हणाल्या, “बस तू बाहेर.” पुरण दिरांनी वाटलं. वेलदोडा जरा जास्त झाला होता.