तुम्ही विचारलंत म्हणून: विश्रामबागवाडा नेमका कोणाचा?

पुण्यात आलेल्या पाहुण्यांना तुळशीबागेजवळचा विश्रामबागवाडा दाखवायला नेले की एक प्रश्न ठरलेला असतो: हा वाडा कोणाचा? 'दुसऱ्या बाजीरावाचा' एवढे उत्तर पुरते, पण ते देताना मला नेहमीच थोडे अवघडल्यासारखे होते, कारण बाजीरावाच्या वाट्याला हा वाडा जेमतेम अकरा वर्षे आला.

वाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला आणि त्यावर त्या काळचे सुमारे दोन लाख रुपये खर्च झाले, असे सांगतात. १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजी फौजेच्या आधारावर गादी टिकवणाऱ्या पेशव्याने एवढ्या हौसेने घर बांधावे, याचे मला कोडे वाटते. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला होता आणि १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथेच वरून पडून दगावले होते. तेव्हा बाजीरावाचे मन तिथे रमले नसेल, तर त्याला दोष देता येत नाही. दर्शनी सज्जाखालचे सुरूच्या आकाराचे सागवानी खांब जरा थांबून पाहावेत. बुंध्याशी भरदार असलेला खांब वर निमुळता होत जातो, आणि त्यावरचे कोरीवकाम बघता बघता मान अवघडते तरी नजर खाली येत नाही.

जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रज सेनानी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांचे पेन्शन घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला. तो १८५१ मध्ये तिथेच वारला. पुणे त्याला पुन्हा दिसले नाही.

वाड्याचे खरे आयुष्य मात्र त्यानंतरचे आहे, असे माझे मत आहे. पेशवे विद्वान ब्राह्मणांना श्रावणात जी दक्षिणा वाटत, तिच्याच निधीचा एक भाग वळवून इंग्रजांनी ६ ऑक्टोबर १८२१ रोजी या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. राज्य घेतल्यावर शास्त्रीमंडळी बिथरू नयेत, हा त्यामागचा हिशेब उघड होता. याच पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज झाले.

मे १८७९ मध्ये शेजारच्या बुधवारवाड्यासह या वाड्याला आग लावण्यात आली. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड तेव्हा ऐन भरात असल्याने संशय आधी त्यांच्या माणसांवर गेला. पुढे रानडे आडनावाच्या दोघा भावांवर गुन्हा शाबीत झाला. बुधवारवाडा खाक झाला, विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला आणि पुढे तो पुन्हा उभा करण्यात आला. विसाव्या शतकात काही दशके पुण्याच्या नगरपालिकेचा कारभारही इथूनच चाले, म्हणजे पेशव्याच्या दिवाणखान्याखाली लोक नळपट्टीची तक्रार घेऊन येत असणार!

आज वाडा महानगरपालिकेकडे आहे. पाहुण्यांना मी एवढेच सांगतो, की बांधला बाजीरावाने, पण नांदवला पुणेकरांनी. त्यावर हमखास पुढचा प्रश्न येतो: मग बाजीराव झोपायचा कुठे?