गरम पाण्याचा आळ

आधीच्या दवाखान्यानं चिठ्ठीवर लिहून टाकलं होतं, 'गरम पाण्याने भाजले'. बाळ 18 दिवसांचं, निपाणीजवळच्या खेड्यातलं. चिठ्ठीमुळे एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना कळवायची केस, झाली, एम.एल.सी.मुळे हवालदार आले, आणि मी बाळाला हात लावायच्या आत त्यांचा कन्नडमधून प्रश्न, "बिसी नीरु?" म्हणजे गरम पाणी? आजींनी मराठीत उत्तर दिलं, "व्हय वो सायेब. त्या न्हाऊ घालणाऱ्या बाईनं आधणाचं पाणी वतलं." ती मावशी बाहेर कट्ट्यावर बसली होती. तिला आत कुणी बोलावलंच नव्हतं.

बाळाच्या तोंडाभोवती लाली आणि खपल्या. मान, काखा, जांघा सोललेल्या. शेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीवर बोट हलकंच घासलं, तर तीही सुरकुतून सरकली. तोंडात बॅटरी मारली, आत सगळं साफ. पाण्यात भाजलं तर बहुधा घड्या वाचतात, कारण त्या मिटलेल्या असतात. इथं घड्यांतच जास्त. शिवाय आंघोळ कालची, आणि सोलणं आज संध्याकाळीही पुढं सरकत होतं. बेंबी ओली, पिवळट.

हे स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूचं काम. आजाराचं नाव स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम, कातडी भाजल्यासारखी सोलते म्हणून. जंतू एका कोपऱ्यात बसतो आणि विष रक्तातून अंगभर जातं. नवजात बाळाचं मूत्रपिंड कच्चं, ते विष लवकर बाहेर पडत नाही. हे विष म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम. कातडीच्या शेजारशेजारच्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात, फुगडी घालणाऱ्या पोरींसारख्या. हे एन्झाइम त्यातल्या डेस्मोग्लीन-1 ला नेमकं एकाच जागी कापतं. आजाराचं वर्णन 1878 सालचं. विष नेमकं काय कापतं ते कळायला 2000 साल उजाडलं. तोंडाच्या आत डेस्मोग्लीन-3 पकड सांभाळतं आणि त्याला हे विष कापत नाही, म्हणून तोंड साफ. खरं तर आपली कातडीही रोज असंच करते. तिची स्वतःची कॅलिक्रीन एन्झाइम अगदी वरच्या थरातली पकड सोडवतात, म्हणून मेलेल्या पेशी गळतात. फक्त त्यांना आवरणारं प्रथिन तिथंच हजर असतं.

अशा बाळाला सलाइनची सुई लागते, पण टिकत नाही. चिकटपट्टी काढताना कातडी तिच्याबरोबर येते. आमच्या सिस्टरनी मऊ गॉज गुंडाळून सुई बांधली आणि दुपटं चिकटू नये म्हणून खाली निर्जंतुक केलेलं केळीचं पान अंथरलं. महागड्या ड्रेसिंगवाल्यांनी एकदा येऊन बघावं. बाकी क्लॉक्सासिलिन हे जंतूवरचं अँटिबायोटिक, ऊब, पेट्रोलियम जेली आणि कमीत कमी हाताळणी. गावातल्या औषधवाल्यानं स्टेरॉइडचं मलम दिलं होतंच. लाल दिसलं की स्टेरॉइड, ही खोड काही जात नाही. ते बंद केलं. फोडांतल्या पाण्यात सहसा जंतू मिळत नाही, म्हणून बेंबीचा स्वॅब पाठवला. त्यात तो आला. फाट वरच्याच थरात असल्यामुळे बाळ व्रण न राहता बरं झालं.

हवालदारांना लेखी दिलं, 'भाजलेले नाही'. घरच्यांना बसवून समजावलं. बाळाचे वडील शिकलेले, त्यांना पटलंही. आणि लगेच म्हणाले, "मग सर, जंतू तरी तिच्याच हातनं आला असंल की. तिचा स्वॅब घ्या."

असेलही. आजींच्या नाकात असेल, आईच्या असेल, बाळंतपण झालं तिथल्या कुणाच्या असेल, माझ्याही असेल. निरोगी माणसांतही चारात एकाच्या आसपास तो सापडतो. मी म्हटलं, गरज नाही. एकट्यादुकट्या केसमध्ये घरच्यांना तपासत बसत नाहीत, हे खरंच. पण माझं कारण ते नव्हतं. तिच्या नाकात सापडला असता तर आत्ताच पुसलेला आळ शिक्क्यानिशी परत आला असता. आजींच्या नाकात सापडला असता तर तो कागद त्या घरात कुणी वाचलाही नसता.

दुसरी बाजूही आहे. ती मावशी गावातल्या आणखी बाळांना न्हाऊ घालते. समजा तिच्याच हातावर असेल तर? मी सगळ्यांनाच हात कसे धुवायचे, नखं किती बारीक ठेवायची ते सांगितलं, तिलाही आत बोलावून. आजी म्हणाल्या, "तिला कशाला सांगताय डाक्टर, तिला आता कोण बोलावतंय?"